बारा हजार दोनशे सात

"मॅडम, काल किती होत्या?"

धोत्रे सरांनी विचारलं तेव्हा माझ्या हातात पोह्यांची बशी होती. मी ती खिडकीत ठेवली.

"बारा हजार चारशे ऐंशी, सर."

तो आकडा मला पाठ होता. आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, तो पहिल्यांदा पडद्यावर उमटला तेव्हा सरांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि मग उठून खडूनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहूनही ठेवला होता.

"मग हे काय?"

पडद्यावर हिरव्या आकड्यांत होतं, ११,९१६.

मी आधी पडद्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. सरांनी तोवर कागदावर वजाबाकी करूनही टाकली होती. पाचशे चौसष्ट पुड्या एका रात्रीत कमी झाल्या होत्या.

ही गोष्ट दर्यापूरच्या पुढच्या एका खेड्यातली, दोन हजार सहा सालची. माझं वय चोवीस होतं आणि मला सगळं येत होतं. त्या खेड्यात एका संस्थेनं तीस वर्षं गावोगावचं जुनं बियाणं जमवलं होतं. ज्वारीचे, तुरीचे, वालाचे, काकडीचे किती तरी वाण. प्रत्येक वाण खाकी पुडीत, पुडीवर गावाचं आणि देणाऱ्या बाईचं नाव, आणि पुड्या आठ मोठ्या लाकडी कपाटांच्या खणांत. एका कपाटाला बारा खण. जुन्या वह्यांमधल्या सगळ्या नोंदी तीन महिने खपून कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या आणि पुण्याच्या आमच्या कंपनीनं शेवटचं काम उरकायला मला दोन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. पुढच्या सोमवारी मदत देणारी मंडळी पाहणीला येणार होती. त्यांना पहिल्या पडद्यावरच एकूण पुड्यांचा आकडा झळकताना दिसावा, ही कल्पना माझीच.

"बियाण्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"एकाच माणसाकडे," सर म्हणाले, आणि दाराकडे पाहू लागले.

दारात पंचफुलाबाई उभ्या होत्या. पंचफुला वानखडे. एकोणीस वर्षं त्या खोलीची राखण त्याच करत होत्या. पन्नाशीच्या, उंच, कमरेला किल्ली आणि तिच्याशेजारी एक कापडी चंची. संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीचं छप्पर उतरवलेलं होतं म्हणून मी आठवडाभर त्यांच्याच घरी राहत होते. दिवसा ऑफिसात मी त्यांना पंचफुलाबाई म्हणायचे आणि घरी मावशी. त्या मला दोन्हीकडे पोरी म्हणायच्या.

"बाई," सर म्हणाले, "काल संध्याकाळी तुम्ही पिशवी घेऊन गेलात."

"हो. वीस पुड्यातले दहा-दहा दाणे होते. ओल्या फडक्यात घातले, उगवते का पाह्याले. दर सोमवारी नेतो ना जी."

"आणि कॉम्प्युटरला हात लावला होता?"

पंचफुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारी दुपारी मीच त्यांना शिकवलं होतं. पुडी रिकामी झाली की तिचा नंबर घालायचा आणि 'पुडी संपली' हे बटण दाबायचं, की नोंद निघून जाते. त्यांनी भीतभीत एक बोट पुढं करून एका रिकाम्या पुडीवर ते करून पाहिलं होतं आणि लहान मुलीसारख्या हसल्या होत्या.

"एका पुडीले दाबलं," त्या म्हणाल्या. "या पोरीसमोर."

"एका," सर म्हणाले.

धोत्रे सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. कृषी विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर पेन्शनवर राहून त्यांनी हा संग्रह वाढवला होता. पण संग्रहावर जीव असलेला माणूस संशयी होतो. त्यात पंचफुलाबाईंच्या भावाच्या शेतात त्या वर्षी जुन्या पांढऱ्या ज्वारीचं पीक उभं होतं, आणि ते कुठून आलं याची गावात आधीच कुजबूज होती.

पंचफुलाबाई फळ्याकडे बघत होत्या. "सायेब, म्या कालच म्हनलं होतं. एवढ्या नाईत म्हनून."

खरंच म्हणाल्या होत्या. सोमवारी टाळ्या वाजत होत्या तेव्हा मागून आवाज आला होता, "एवढ्या तं नाईत." मी हसून उत्तर दिलं होतं की पंचफुलाबाई, मशीन चुकत नाही. आता तेच वाक्य त्यांच्यावर उलटलं. एवढ्या नाहीत हे बाईंना आदल्या दिवशीच कसं ठाऊक होतं, असा अर्थ सरांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आला.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर बसले. पहिला पडदा बंद करून परत उघडला. आकडा आला १२,३५०. परत बंद केला, थोड्या वेळानं उघडला. १२,०७१. मग मी करायला हवं होतं ते पहिल्यांदाच केलं. डेटाबेसला सरळ सांगितलं की या टेबलातल्या ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक करून मोज. त्या जुन्या मशीनला सात-आठ सेकंद लागले. उत्तर आलं, १२,२०७. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दहादा विचारलं, दहादा तेच.

झालं होतं असं. पुड्या, गावं, देणाऱ्या बाया, पेरण्या अशी आमची चौदा टेबलं होती. प्रत्येक टेबल मोजत बसण्यापेक्षा मी एक युक्ती केली होती. डेटाबेस स्वतःपाशी प्रत्येक टेबलाचा एक आकडा बाळगून असतो, तो एका फटक्यात चौदाही टेबलांसाठी मिळतो. त्या युक्तीचा मला केवढा अभिमान! पण तो आकडा मोजलेला नसतोच. दोन-चार पानं चाळायची, एका पानावर साधारण किती ओळी ते बघायचं आणि पानांच्या संख्येनं गुणायचं. तलाठ्यानं बांधावर उभं राहून आणेवारी लावावी तसला प्रकार. त्याला आपला रस्ता ठरवण्यापुरता अंदाज हवा असतो, नेमकेपणाशी त्याला देणंघेणं नाही. दर वेळी वेगळी पानं चाळली की दर वेळी वेगळा आकडा.

म्हणजे बारा हजार चारशे ऐंशी पुड्या कधी नव्हत्याच. एकही पुडी कुठं गेली नव्हती.

हे मला मंगळवारी दुपारी दोन वाजता कळलं. उठून सरांच्या घरी जायला तीन मिनिटं लागली असती. मी गेले नाही. कंपनीत माझे उमेदवारीचे सहा महिने भरायचे होते, आणि अशी चूक म्हणजे घरी पाठवण्याजोगी चूक. मी पडद्यावरून तो आकडा काढून टाकला आणि सर आल्यावर म्हणाले, "सर, मी तपासलं. नोंदी बारा हजार दोनशे सात आहेत. कालच्या आकड्यात चाचणीच्या काही जास्तीच्या नोंदी असाव्यात."

"असाव्यात?" सर म्हणाले. "आहेत का नाहीत?"

"पुड्या हातानं मोजू या ना सर. बारा हजार दोनशे सात निघाल्या की प्रश्नच मिटला."

मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. पुड्या बरोबर निघतील, मावशी सुटतील आणि माझी चूकही झाकली जाईल. सरांनी विचार केला आणि मान डोलावली.

पाच वाजता त्यांनी पंचफुलाबाईंना बोलावलं. व्हरांड्यात पाणी भरायला आलेल्या तीन-चार बाया होत्या, त्यांच्या देखत ते म्हणाले, "बाई, मोजणी होईस्तोवर किल्ली माझ्याकडे राहू द्या."

पंचफुलाबाईंनी किल्ली सोडायला वेळ लावला. एकोणीस वर्षांची गाठ होती, नखांनी निघेना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली. किल्ली टेबलावर ठेवली आणि कुणाकडेही न बघता घरी गेल्या. मी तिथंच उभी होते.

बुधवारी सकाळी मोजणी सुरू झाली. सरांनी नियम घातला. पुड्या काढणार पंचफुलाबाई, कारण कुठली कशी हाताळायची ते त्यांनाच माहीत. आकडा लिहिणार मी. "आणि बाई, तुम्ही आकडा सांगायचा नाही. तुमच्यावरच बोट आहे, तेव्हा तुमचा आकडा धरता येत नाही."

"नाई सांगत," त्या म्हणाल्या.

शेतातली कीड मोजायला वापरतात ते हातातलं यंत्र सरांनी मला दिलं. अंगठ्यानं दाबलं की कट्ट वाजतं आणि आकडा एकानं पुढं सरकतो. पंचफुलाबाईंनी पहिल्या कपाटाचा पहिला खण उघडला. पहिली पुडी काढली, कपाळाला लावली, "लाभ" म्हणाल्या आणि खाली अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर ठेवली. बाई देवाचं नाव घेऊन सुरुवात करतायत, एवढं मला कळलं. मी थांबले. मग त्यांनी दुसरी पुडी काढली, त्यांचे ओठ न बोलता हलू लागले, आणि मी अंगठा दाबायला लागले. कट्ट, कट्ट, कट्ट. खण संपला की मी आकडा लिहायचे, पुड्या परत जागेवर जायच्या आणि पुढचा खण उघडायचा. पुन्हा पहिली पुडी कपाळाला, पुन्हा "लाभ", पुन्हा मुकी मोजणी. मधूनमधून त्या कमरेच्या चंचीत बोटं घालत. मला वाटलं, सुपारी.

दोन दिवस आम्ही अशा शेजारी बसलो होतो. दुपारी त्या माझ्यासाठी ठेचा आणि भाकरी सोडायच्या आणि एखाद्या पुडीवरचं नाव वाचून म्हणायच्या, "हे पाय, शिंगणापूरची मथुराबाई. इनं पदरातून वाल आनले होते. आठ दाने. आठाचे आता दीड शेर झाले." किंवा, "हे काकडीवाली मेली माय. काकडी आहे अजून." त्यांना वाटत होतं की गुरुवारी संध्याकाळी सगळं ठीक होईल. मलाही तसंच वाटत होतं.

गुरुवारी चार वाजता शहाण्णवावा खण मिटला. मी सरांसमोर बेरीज केली. एकदा केली, दोनदा केली.

बारा हजार एकशे अकरा.

"शहाण्णव कमी," सर म्हणाले. फार हळू म्हणाले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

"बाई, उद्या सकाळी दहाला या. काय ते बोलू. सोमवारी पाहुणे यायच्या आत मला इथं दुसरं माणूस नेमावं लागेल."

पंचफुलाबाईंनी धोतराची घडी घातली. "एवढ्या कमी नाईत सायेब," एवढंच म्हणाल्या.

आणि मी? लिहायला लाज वाटते, पण घरी चालत जाताना मी त्यांच्या मागं चार पावलं राहून विचार करत होते की या बाईनं शहाण्णव पुड्या नेल्या कुठं. डेटाबेसनं एकेक ओळ मोजली होती, यंत्रानं एकेक पुडी मोजली होती. दोन्ही अचूक. मग उरलं कोण? जिच्या हातची भाकरी मी आठवडाभर खात होते तिला मी चार पावलांच्या अंतरात चोर ठरवून टाकलं.

दिवेलागणीला शेजारच्या सुभद्राबाई ज्वारी उसनी मागायला आल्या. त्यांची हिंमत मला आवडली, कारण दोन दिवसांत बाकी गल्लीनं मावशींच्या दाराकडे पाठ फिरवली होती. मावशींनी कणगीतून ज्वारी काढली, पितळी शेर काठोकाठ भरला आणि सुभद्राबाईंच्या पदरात ओतला.

"लाभ," त्या म्हणाल्या. दुसरा शेर भरला. "दोन." मग "तीन". मग "चार".

सुभद्राबाई पदर सावरत गेल्या. मी उंबऱ्यावर बसले होते ती उठून उभी राहिले.

"मावशी, एक कुठं गेला?"

"कोन एक?"

"तुम्ही लाभ म्हणालात आणि एकदम दोन म्हणालात."

"मंग? धान्याले एक नाई म्हनत पोरी. एक म्हनलं का धान्य एकटं पडते. लाभ म्हनाव. माह्यी माय तसंच म्हने."

"म्हणजे लाभ म्हणजेच पहिला? मोजायचा तो?"

"मंग काय फुकटचा?"

आठ कपाटं, बारा खण. बारा आठे शहाण्णव. प्रत्येक खणाची पहिली पुडी मी देवाला सोडली होती.

"मावशी, मी पहिल्या पुडीला यंत्र दाबतच नव्हते."

"ठाव आहे ना मले. आवाज येत नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांना माझा प्रश्न विचित्र वाटला. "मले वाटलं, तुह्या यंत्रात लाभ पयलेच धरला असंन. शहरातलं यंत्र. आन मले तं बोलूच नको म्हनलं होतं."

आणि मग त्या हसल्या. तीन दिवसांनी हसल्या. "बरं झालं पोरी, सापडलं. सकाई सायबाले सांगू. मंग त्या पयल्या आकड्याचंबी पाह्यजो, थो कायचा जास्त आला होता."

इथं मी गप्प बसू शकले असते. माझ्याशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कळण्याचीही शक्यता नव्हती. पण मावशी शेर हातात घेऊन माझ्याकडे बघून हसत होत्या, आणि मला ते सहन होईना.

"तो आकडा अंदाजाचा होता," मी म्हणाले. "मोजलेला नव्हताच. चूक माझी आहे. आणि मला ते मंगळवारीच कळलं होतं."

"मंगयवारी?"

"हो. दुपारी. दोन वाजता."

त्यांनी शेर कणगीवर पालथा घातला.

"किल्ली तं मंगयवारी संध्याकाई घेतली," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू तथीच होती."

"हो, मावशी."

मी रडायला लागले. त्यांनी मला थोपटलं नाही आणि शिवीही दिली नाही. चूल पेटवली, भाकऱ्या केल्या, माझं ताट वाढलं. "जेऊन घे," म्हणाल्या. पोरी म्हणाल्या नाहीत. आठवड्याभराच्या सवयीनं मी त्या शब्दाची वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं.

शुक्रवारी दहाला मी सरांना सगळं सांगितलं. आधी लाभाचं, मग अंदाजाचं, मग मंगळवारचं, चाचणीच्या नोंदी ही थाप होती हेही. सर चष्मा काढून ऐकत होते.

"मला तुमच्या कंपनीला कळवावं लागेल," ते म्हणाले.

"कळवा, सर. पण त्याआधी यांचा आकडा विचारा. दोन दिवस यांनीही मोजलंय. आपण कुणी विचारलंच नाही."

सर पंचफुलाबाईंकडे वळले. "बाई, तुम्ही मोजत होता?"

पंचफुलाबाईंनी कमरेची चंची सोडली आणि टेबलावर उलटी केली. चिंचोके सांडले, सगळ्या टेबलभर. वर तुरीचे काही दाणे.

"शंभरीले एक चिंचोका. खनातले उरले का पुढच्यात मियवले," त्या म्हणाल्या. "दाने आखरीचे."

धोत्रे सरांनी चिंचोके स्वतः मोजले. दहा-दहाच्या ढिगल्या केल्या. बारा ढिगल्या झाल्या आणि दोन चिंचोके उरले. तुरीचे दाणे सात होते. त्यांनी सातवा दाणा बोटानं बाजूला सारला.

"बारा हजार दोनशे सात," ते म्हणाले.

त्यांनी टेबलाचा खण उघडून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. "बाई, माझं चुकलं."

पंचफुलाबाईंनी हात पुढं केला नाही.

"तशी नाई घेत, सायेब. पयले मोजा. तुमी मोजा. किल्ली घेतांना लोकायनं पाह्यलं. मोजतांनाबी पाहू द्या."

शुक्रवारी आणि शनिवारी बियाण्याच्या खोलीची दोन्ही दारं सताड उघडी होती. आठही कपाटांचे खण एकेक करून व्हरांड्यात येत होते. धोत्रे सर मांडी घालून सतरंजीवर बसले होते आणि पाणी भरायला आलेल्या बाया हंडे बाजूला ठेवून बघत होत्या. सुभद्राबाई तर पहिल्या रांगेत. पहिली पुडी सरांनी कपाळाला लावली, जरा संकोचले, आणि मग खणखणीत आवाजात म्हणाले, "लाभ." दुपारपर्यंत सगळा व्हरांडा त्यांच्याबरोबर म्हणू लागला. एका बाईला तिच्या आईच्या नावाची पुडी दिसली. तिनं ती हातात मागून घेतली, तोंडाजवळ नेऊन वास घेतला आणि पुन्हा रांगेत लावली. मी कोपऱ्यात बसून आकडे लिहीत होते. आता मला कुणी मॅडम म्हणत नव्हतं.

शनिवारी पाचच्या सुमाराला बेरीज झाली. बारा हजार दोनशे सात. सरांनी फळ्यावरचा जुना आकडा ओल्या फडक्यानं पुसला आणि नवा लिहिला. मग किल्ली दिली. पंचफुलाबाईंनी ती कमरेला बांधली. दोन गाठी मारल्या.

या दोन दिवसांत त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. पाणी तापलं. ताट वाढलं. मला तक्रार करायला तोंड नव्हतं.

रविवारी मी निघणार होते. पाहुण्यांच्या आधीच निघावं असं कंपनीकडून आलं होतं, आणि माझी उमेदवारी आणखी तीन महिन्यांनी वाढवली होती. साडेदहाची एसटी होती. पावणेदहाला मी ऑफिसात जाऊन पहिला पडदा पुन्हा शेवटचा तपासला. आता तिथं अंदाज नव्हता. पडदा उघडला की मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजायचं आणि मगच आकडा दाखवायचं. तोवर मधले सात-आठ सेकंद पडदा कोराच.

पंचफुलाबाई खोली उघडायला आल्या होत्या. माझ्या मागं येऊन कधी उभ्या राहिल्या, मला कळलं नाही.

"हे काऊन थांबलं?"

मी दचकले. "मोजतंय," मी म्हणाले.

"आता खरंच मोजते?"

"हो, मावशी."

"एकेक?"

"एकेक."

"तोंडातल्या तोंडात?"

"हो. तोंडातल्या तोंडात."

आकडा आला. १२,२०७. त्यांनी तो वाचला, मान हलवली. मी पिशवी खांद्याला लावली, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांचं लक्ष अजून पडद्यावर होतं. त्यांनी मला पडदा बंद करून पुन्हा उघडायला लावला आणि ते कोरे सात-आठ सेकंद पुन्हा नीट पाहून घेतले.

"आन पयल्याले काय म्हन्ते थे, पोरी?"

मी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि प्रोग्राम परत उघडला. चार ओळींचं काम, पण डोळ्यांतल्या पाण्यानं मला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून अर्धा तास लागला. नाक्यावर साडेदहाच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा आम्ही दोघी पडद्यासमोर बसलेल्या होतो.

"उघडा आता," मी म्हणाले.

त्यांनी एक बोट पुढं केलं आणि बटण दाबलं. कोऱ्या पडद्यावर मधोमध, हिरव्या अक्षरांत एकच शब्द आला आणि मोजणी होईपर्यंत तिथंच थांबला. पंचफुलाबाईंनी तो सावकाश, मोठ्यानं वाचला.

"लाभ."

मग कमरेची किल्ली चाचपली आणि उठल्या.

"दुसरी गाडी दोनले आहे," त्या म्हणाल्या. "चाल. भाकर टाकतो."